बंद गळ्याचा कोट

कोटाची कॉलर नवी करायचं काम प्रमोदिनीने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दामोदरपंत, तिचे सासरे, तर नकोच म्हणत होते.

"अगं, चौतीस वर्षं शाळेत घालून झाले असले कोट. विरली कॉलर तर विरली. आता मला कोण बघायला येणार आहे?"

"बघायला कुणी येत नाही मामंजी, पण बघतात सगळे. प्रतिमाला घेऊन रोज हिंडता तुम्ही. लोक म्हणतील, सून शिकलेली, घरात शिवणाचं मशीन, आणि सासऱ्याच्या गळ्याशी चिंध्या."

ही गोष्ट अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याच्या आधीची. दामोदरपंत बेळगावला गणिताचे मास्तर होते. निवृत्त झाले, मग पत्नी गेली, आणि ते एकुलत्या एका मुलाकडे, उपेंद्रकडे, बंगळूरला येऊन राहिले. उपेंद्र एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. सकाळी सातला कारखान्याच्या बसमध्ये चढायचा तो संध्याकाळी साडेसहाला उतरायचा. मल्लेश्वरममधल्या त्या छोट्या घरात दिवसभर तिघंच: प्रमोदिनी, तिची साडेतीन वर्षांची प्रतिमा आणि मामंजी.

प्रतिमाच्या आधी प्रमोदिनीचा एक मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला होता. त्यामुळे असेल, प्रतिमा नुसती शिंकली तरी ती हातातलं काम टाकून धावायची. पोरगी दुपारी गाढ झोपली की ही नाकाशी बोट धरून बघायची. त्यात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेलं. बाकीच्या आयांना नुसती काळजी वाटायची, हिला त्या काळजीचं शास्त्रातलं नावही ठाऊक असायचं.

दामोदरपंत घरात बंडीवर असत. पण उघड्या गळ्याने उंबरठा ओलांडणं त्यांच्या लेखी अर्ध्या कपड्यांत बाहेर जाण्यासारखं होतं. बरोबर पाच वाजता ते धोतराच्या निऱ्या सारख्या करत, पांढऱ्या ड्रिल कापडाचा बंद गळ्याचा कोट चढवत, कॉलरचे दोन्ही हूक लावत, डोक्यावर काळी टोपी ठेवत आणि नातीपुढे बोट करत. "चला बाईसाहेब." दोघं देवळासमोरच्या बागेत जात, माकडं बघत, आणि दिवेलागणीच्या आत परत येत. प्रमोदिनी तो तासभर खिडकीतून रस्त्याकडे बघत भाजी निवडायची.

चिकपेटेच्या बाजारातून तिने ड्रिल आणलं आणि बकरम आणलं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते जाड, खळीचं कापड. शिवणाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात बाईंनी बजावलं होतं: ड्रिल असो की बकरम, आधी पाण्यात भिजत घालायचं, कडकडीत वाळवायचं, मगच कात्री लावायची. नाहीतर पहिल्या धुण्याला आटतं. पण दसरा परवावर आला होता आणि चार दिवस आभाळ गळत होतं, दोरीवरचे लंगोटसुद्धा वाळत नव्हते. तिने कोऱ्या कापडालाच कात्री लावली. बकरमचा एकाऐवजी दुहेरी पदर घातला. कॉलर अशी बसली की दामोदरपंत आरशासमोरून हलेनात.

"सूनबाई, ही तर थेट दिवाणाची मान झाली की!"

दिवाळीनंतर कोट पहिल्यांदा धोब्याकडे गेला आणि कांजी होऊन आला. त्या संध्याकाळी हूक लावताना मामंजींनी हनुवटी जरा वर उचलली. प्रमोदिनीला ते दिसलं. चुलीवर दूध वर येत होतं.

"घट्ट होतोय का हो?"

"छे, छे. कांजी आहे ताजी. बसेल."

ती दुधाकडे पळाली.

चार दिवसांनी बागेजवळची फुलवाली त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. मागून प्रतिमा टोपी घेऊन. प्रतिमाने "आजोबा, माकड!" म्हणून हाक मारली, ते मागे वळून बघतात तो डोळ्यांपुढे काळोख आला आणि ते पायरीवरच बसले. फुलवालीने ओंजळीत पाणी आणून तोंडावर मारलं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, वय विचारलं, आणि म्हणाले, "हृदय दमलंय." थेंब लिहून दिले.

थेंब सुरू असतानाच दुसऱ्यांदा तसं झालं, आणि या वेळी रस्त्याच्या मधोमध. डावी-उजवीकडे बघायला त्यांनी मान वळवली आणि तिथेच कोसळले. प्रतिमाचा हात सुटला. ती घाबरून धावली ती समोरून येणाऱ्या जटक्याच्या, म्हणजे इथल्या टांग्याच्या, तोंडाशी. जटकेवाल्याने लगाम असा खेचला की घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. पोरीला खरचटलंही नाही. पण शेजारच्या रत्नाक्का तिला कडेवर घेऊन आल्या तेव्हा तिचा फ्रॉक घोड्याच्या तोंडच्या फेसाने भिजलेला होता, आणि तो ओला फ्रॉक हाताला लागला मात्र, प्रमोदिनीचा तोल गेला.

मामंजी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. कोपर फुटलं होतं. त्यांनी प्रतिमाकडे हात पुढे केला.

"हात लावू नका तिला," प्रमोदिनी म्हणाली. "आजपासून माझी पोर तुमच्या हाती द्यायची नाही. पडायचं तर एकटे पडा."

रत्नाक्कांचं घराणं दीडशे वर्षांपूर्वी साताऱ्याकडून येऊन इथलंच झालेलं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. "स्वल्प दमानं घे ग," त्या पुटपुटल्या. "मोठं माणूस हाय ते."

दामोदरपंतांनी हात मागे घेतला. स्वतःच उठले, कोट काढला, खुंटीला लावला आणि कोपर धुवायला मोरीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून प्रमोदिनीने नाडीची वही घातली. बोलून गेल्याची टोचणी होतीच, ती अशी कामाला लावली. रोज सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, मामंजी वेताच्या खुर्चीत बंडीवर बसून मनगट पुढे करत. ती तीन बोटं नाडीवर ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायची.

"आज किती?"

"बहात्तर."

"काल एकाहत्तर होती. म्हणजे वाढली."

"एकाने काही होत नाही मामंजी."

"एकाने काही होत नाही असं माझे नापास होणारे विद्यार्थी म्हणायचे."

पहिले काही दिवस असे विनोद झाले. पुढे पुढे विनोद संपले आणि नुसतं "आज किती?" उरलं. दामोदरपंत आता बाहेर जात नव्हते. बादली उचलत नव्हते. बसल्या बसल्या स्वतःच छातीवर पंजा ठेवून ऐकत बसायचे, जसं घरात चोर शिरल्याचा भास झालेला माणूस ऐकतो. प्रतिमा मांडीवर चढायला आली की म्हणायचे, "आईकडे जा बाळ." महिनाभर चक्कर आली नाही. उपेंद्र म्हणाला, "थेंब लागू पडलेले दिसतात." वहीची पानं भरत गेली, सत्तर, बहात्तर, एकाहत्तर. इतकी सरळ नाडी असलेला माणूस रस्त्यात कोसळतो कसा, हा प्रश्न बी.एस्सी. झालेल्या बाईला पडला नाही असं नाही. पडला, आणि तिने समास आखून पुढचा आकडा लिहिला.

संक्रांतीला रत्नाक्कांनी सगळ्यांना तिळगुळाला बोलावलं. शेजारच्या घरी जायचं, तरी दामोदरपंतांनी कोट चढवला. किती दिवसांनी. दोन्ही हूक लावून ते दारात उभे राहिले, आणि मागून प्रतिमा ओरडली, "आजोबा, माझी हलव्याची डबी!"

त्यांनी मान वळवली. प्रमोदिनी तीन हातांवर होती. त्यांच्या चेहऱ्यातला रंग असा गेला की कुणी ओल्या फडक्याने पाटी पुसावी. तिने त्यांना पडू दिलं नाही, खुर्चीत टेकवलं, आणि महिनाभराच्या सवयीने बोटं आपसूक मनगटावर गेली.

नाडी नव्हती.

मग एक ठोका आला. मग इतका वेळ काहीच नाही की तिला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं. मग आणखी एक. हवा लागावी म्हणून तिने दुसऱ्या हाताने कॉलरला हात घातला. हूक निघेना, कापडात रुतला होता. तिने ओढला तसे टाके तटकन तुटले आणि कॉलर उघडली. आणि तिच्या बोटांखाली, गाडीला कुणी हिरवा दिवा दाखवावा तशी, नाडी चालू झाली. दहा श्वासांत पुन्हा सत्तरच्या चालीला.

दामोदरपंतांच्या मानेवर दोन्ही बाजूंना, जबड्याच्या खाली, लाल वळ उठले होते.

प्रमोदिनीने ते वळ बघितले आणि तिला सगळं कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा आठवलं. शेवटच्या वर्षाच्या पेपरात हाच प्रश्न होता. मानेतून डोक्याकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जबड्याच्या कोपऱ्याखाली दुभंगते, तिथे ती जराशी फुगीर असते, आणि त्या फुगीर भिंतीत मज्जातंतूंची टोकं असतात. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणते, टोकं मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला सांगतो: हळू. तिने आकृती काढली होती, लाल-निळ्या पेन्सिलीने. वीसपैकी अठरा मिळाले होते. त्या जागेवर बाहेरून दाबलं तरी मेंदूची तशीच फसगत होते, हेही तिने लिहिलं होतं. आणि महिनाभर ती रोज सकाळी उघड्या गळ्याच्या माणसाची नाडी मोजत बसली होती.

"आता बरं वाटतंय," दामोदरपंत क्षीण आवाजात म्हणाले. "तुम्ही जा तिळगुळाला. मी पडतो जरा."

त्या दुपारी दार लोटून तिने कॉलर उसवली. टेप लावली. पंधरा इंची कापली होती, ती आता चौदालाही भरत नव्हती. तिने दोन बोटं रुंद पट्टी जोडून, बकरम काढून टाकून, कॉलर पुन्हा शिवली. मशीनचा आवाज होऊ नये म्हणून हाताने शिवली. कोट खुंटीला होता तसा लावला.

आता सांगायचं, इतकंच राहिलं होतं. पण त्या संध्याकाळी उपेंद्र दमून आला. दुसऱ्या दिवशी प्रतिमाला सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी तिने तोंड उघडलं, आणि मामंजींनी मनगट पुढे करून विचारलं, "आज किती?" ती म्हणाली, "बहात्तर." सांगायचं म्हणजे नुसती कॉलर सांगून भागणार नव्हतं. ते ओट्यावरचं वाक्यही परत तोंडाने उच्चारावं लागणार होतं. कोसळायला लावलं आपण, आणि पडायचं तर एकटे पडा, असंही म्हणालो आपणच. चक्कर पुन्हा येणार नव्हती. थेंबांचा गुण म्हणून सगळे आनंदात राहतील. यात कुणाचं काय वाईट होतं?

आठव्या दिवशी दामोदरपंतांनी जेवताना सांगितलं, "उपेंद्रा, अनुसूयेचं पत्र आलंय." अनुसूया ही त्यांची बेळगावची विधवा बहीण. "ये म्हणते. येत्या रविवारच्या गाडीचं तिकीट काढून आण."

"अहो पण बाबा, तिथे कोण बघणार तुमच्याकडे?"

"कुणी कशाला बघायला हवं? हे आता कधीतरी व्हायचंच. पोरीच्या डोळ्यांदेखत नको." मग प्रमोदिनीकडे न बघता म्हणाले, "एकट्याने पडायचं तर आपल्या गावी पडावं."

प्रमोदिनीच्या हातातली वरणाची पळी भांड्यावर आपटली. उपेंद्रला वाटलं, भाजलं.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे न जाता पलीकडच्या रस्त्यावर डॉक्टर त्रिविक्रमाचार यांच्याकडे गेली. ते मूळचे धारवाडचे, मराठी येत होतं. तिने एका दमात सगळं सांगितलं, कात्रीपासून वळांपर्यंत. डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले.

"बाई, तुम्ही बी.एस्सी. की दर्जीण?"

"दोन्ही अर्धवट."

"तसं नका म्हणू की. कारण तुम्हीच शोधलंत. घेऊन या त्यांना संध्याकाळी. आणि हे बघा, कॉलर कुणी शिवली हे त्यांना सांगायची गरज नाही. शिंप्याच्या नावावर खपवू आपण. बंगळुरात शिंपी काय थोडे आहेत?"

तिला तो सुटकेचा रस्ता इतका आवडला की घरी येईपर्यंत ती त्याच रस्त्याने चालत होती.

संध्याकाळी दामोदरपंत कोट उतरवून तपासणीच्या बाकावर आडवे झाले. प्रतिमा रत्नाक्कांकडे होती. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मानेवर एका बाजूला हलकं बोट दाबतो. गरगरलं तर हात वर करा. बाई, नाडी तुम्ही धरा, तुमच्या सवयीची आहे."

प्रमोदिनीने मनगट धरलं. एक, दोन, तीन, चार, आणि पुढचा ठोका आलाच नाही. मग एक आला, रेंगाळत.

"पुरे, डॉक्टर! पुरे!"

डॉक्टरांनी बोट उचललं. नाडी परत आली.

"मास्तर," डॉक्टर त्यांना उठून बसवत म्हणाले, "तुमचं हृदय ठणठणीत आहे. शाळेतलंच सांगतो. वर्गात गोंगाट झाला की मॉनिटर हेडमास्तरांना कळवतो, आणि हेडमास्तर वर्गाला गप्प करतात. तसा मॉनिटर आहे इथे मानेत. रक्ताचा जोर वाढला की तो वर कळवतो आणि वरून हृदयाला हुकूम येतो, हळू. जोर कमी झाला की तो गप्प राहतो, आणि हृदय पुन्हा वेग धरतं. दिवसरात्र चालू असतं हे. आता तुमच्या मॉनिटरलाच कुणी चिमटा काढला तर? वर्ग शांत बसलेला असतो, आणि हा ओरडतो, गोंगाट, गोंगाट! हेडमास्तर बिचारे चिडीचूप वर्गाला आणखी गप्प करतात."

"चिमटा कुणी काढला?" दामोदरपंतांनी विचारलं.

"कॉलरने. तुमच्या त्या शिंप्यानं—"

"शिंप्याने नाही," प्रमोदिनी म्हणाली. मनगट अजून तिच्याच हातात होतं, तिने ते सोडलं. "कॉलर मी शिवली मामंजी. कापड भिजवून घेतलं नाही, ते आटलं. तुम्ही दोन्ही वेळा पडलात ते माझ्यामुळे. आणि मी तुम्हाला प्रतिमाला हात लावू नका म्हणाले, पडायचं तर एकटे पडा म्हणाले. आणि... संक्रांतीलाच मला कळलं होतं हे. मी गुपचूप कॉलर उसवून मोठी केली आणि बोलले नाही."

डॉक्टर हात धुवायला आत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला.

"घट्ट होती, ते मलाही ठाऊक होतं," दामोदरपंत शेवटी म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलंस ग. पण तू हौसेने केलेली. माझ्यासाठी कुणी काही शिवल्याला किती वर्षं झाली होती." त्यांनी बंडीचा बंद उगीच सारखा केला. "ते सोड. संक्रांतीला किती दिवस झाले?"

"नऊ."

"नऊ दिवस मी तुला रोज विचारत होतो, आज किती."

"हो."

"आणि तू सांगत होतीस."

"जे होतं तेच सांगत होते मामंजी. बहात्तरच होती."

"उत्तर बरोबर होतं," गणिताचे मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारचं तिकीट उपेंद्रने परत केलं. तो एवढंच म्हणाला, "अगं, मला तरी सांगायचंस." सकाळी सातला दामोदरपंत खुर्चीत येऊन बसले, पण मनगट पुढे केलं नाही. वर्तमानपत्र पुढे धरलं.

सोमवारी पाच वाजता त्यांनी कोट घातला. नवी पट्टी जोडलेली कॉलर आता गळ्याभोवती सैल बसत होती, आत दोन बोटं जातील इतकी. प्रतिमा आधीच दारात उड्या मारत होती. प्रमोदिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. पोरीचा हात त्यांच्या हातात स्वतः नेऊन द्यावा, असं तिने दुपारपासून ठरवलं होतं, आणि आता पाय उचलत नव्हता.

"सूनबाई," दामोदरपंत म्हणाले, "तूही चल."

"मी कशाला? तुम्ही जा ना. खरंच जा. मला मुळीच काळजी नाही."

"मला आहे. मी धरतो तिला. तू मागून ये, दहा पावलांवर. मला काही झालं तर तू आहेस."

"काही होणार नाही मामंजी. डॉक्टर म्हणाले ना."

"म्हणाले." त्यांनी टोपी घातली. "तरी ये."

ती चपला अडकवून निघाली. पुढे पांढरा कोट, त्याच्या बोटाला लोंबकळणारा लाल फ्रॉक, आणि मागे दहा पावलांवर ती. रत्नाक्का गच्चीवरून ओरडल्या, "सरी, सरी! बरं जालं! आज्जा परत सुरू जाले!" दामोदरपंतांनी वर न बघता हात हलवला.

बागेच्या कोपऱ्यावर प्रतिमा थबकली. "आजोबा, मागे बघा, माकड! पिल्लू आहे त्याला!"

दामोदरपंत थांबले. त्यांनी मान वळवली नाही. आधी एक पाय उचलून आडवा ठेवला, मग दुसरा, आणि डोकं, खांदे, पोट सगळं एकसंध ठेवून, रस्त्यातला लाकडी खांब कुणी उपटून फिरवावा तसे ते अख्खेच्या अख्खे मागे वळले. वळताना एक हात नकळत जबड्याखाली गेला होता.

"असं काय वळता हो आजोबा?" प्रतिमा खिदळली.

"शिपाई असेच वळतात."

"मी पण, मी पण!" म्हणून तीही ताठ होऊन, मान न हलवता, पाय आपटत गोल फिरली. दोघं आता प्रमोदिनीकडे तोंड करून उभे होते. दामोदरपंतांची नजर तिच्यावरून सरकून माकडाच्या पिल्लावर गेली.

"आई, तू पण ये ना इकडे!"

"नको," प्रमोदिनी म्हणाली, "मी इथेच आहे," आणि दहा पावलांवर उभी राहिली.